पंगतींतून उठलेला प्रेषित

(वाचनाचा भाग : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय ६, १० व १५, गलतीकरांस पत्र, अध्याय २.)



शुभवर्तमान वाचतांना खेड्यापाड्यांतील मंडळींत एक समजूत पुष्कळ वेळां आढळते. ती अशी कीं, एका बाजूस प्रभु येशू व त्याचे शिष्य होते, आणि दुसऱ्या बाजूस यहूदी लोक होते. जणूं हीं दोन निरनिराळीं राष्ट्रें होतीं, त्यांतील एक चांगलें व दुसरें वाईट. शब्बाथशाळेंत मुलांस विचारावें कीं येशू कोणत्या लोकांपैकीं होता, तर कित्येक मुलें विचार न करितां सांगतात कीं तो ख्रिस्ती लोकांपैकीं होता. मुलांस आम्ही दोष देत नाहीं. थोरांच्या बोलण्यांतून जें त्यांच्या कानीं पडतें तेंच तीं बोलतात. परंतु ही समजूत खोटी आहे, आणि तिच्यापासून दोन अनर्थ होतात. एक हा कीं, ज्या लोकांच्या घरांतून आपणांस तारणाची वार्ता मिळाली त्यांच्याविषयींच मनांत तिरस्कार उपजतो. दुसरा हा कीं, पहिल्या मंडळींत जो खरा तंटा झाला तो आपणांस समजतच नाहीं, आणि म्हणून तोच तंटा आपल्या अंगणांत उभा राहिला असतां आपण त्यास ओळखीत नाहीं.

तर मग प्रथम जें उघड आहे तें सांगूं. प्रभु येशू यहूदी होता. आठव्या दिवशीं त्याची सुंता झाली, शब्बाथ दिवशीं सभास्थानांत जाण्याचा त्याचा परिपाठ होता, आणि मरणाच्या आदल्या रात्रीं तो आपल्या शिष्यांबरोबर वल्हांडण सणाच्या भोजनास बसला. त्याची आई मरीया यहूदी. बाराही प्रेषित यहूदी. पौल बन्यामिनाच्या वंशांतील असून परूशी. पुनरुत्थानानंतरहि हे लोक मंदिरांत प्रार्थनेस जात असत. ख्रिस्ती हें नांव त्या वेळीं कोणास ठाऊकच नव्हतें. तें पुढें अंत्युखिया शहरीं प्रथम पडलें. म्हणून जो कोणी यहूद्यांस मुळापासून परके मानितो, तो आपण ज्या फांदीवर बसला आहे त्या फांदीचें झाडच परकें मानितो.

पण यहूदी म्हणजे कोण? सर्व यहूदी एकाच सांच्यांतून निघालेले होते काय? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास आपणांस समुद्रापार जावयास नको. आम्ही हें रायगडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीहून लिहीत आहों. ज्या जिल्ह्यांत ही वाडी आहे त्यास १९८१ पूर्वीं कुलाबा जिल्हा म्हणत, आणि याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शेंकडों वर्षें एक यहूदी समाज नांदत आला आहे. त्या समाजाचें नांव बेने इस्राएल.

त्यांच्या परंपरेप्रमाणें त्यांचे पूर्वज गलबतांतून येत असतां अलिबागेजवळ नवगांवच्या समुद्रांत गलबत फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. मेलेल्यांचें दफन जेथें झालें असें ते मानितात तें स्थान नवगांवीं आहे. वांचलेल्यांजवळ ना शास्त्राची गुंडाळी राहिली ना कोणी गुरु. ते गांवोगांव पसरले, तेल गाळण्याचा धंदा करूं लागले, आणि मराठी ही त्यांची घरची भाषा झाली. ज्या गांवीं राहिले त्या गांवाचें आडनांव त्यांनीं घेतलें. नवगांवकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, अष्टमकर हीं आडनांवें कोंकणांतील कोणाहि माणसास आपलींच वाटतील. त्यांच्या स्त्रिया लुगडें नेसत. परंतु शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे. म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणूं लागले. मुलाची सुंता आठव्या दिवशीं करावी, खवले नसलेला मासा खाऊं नये, आणि देव एकच आहे अशी साक्ष देणारी शमा नांवाची इब्री प्रार्थना प्रत्येक शुभाशुभ प्रसंगीं म्हणावी, एवढें त्यांनीं सोडिलें नाहीं. पुस्तक हरवलें, भाषा हरवली, देश हरवला. तरी सातव्या दिवशीं घाणा थांबत राहिला. ज्याच्याजवळ थोडें आहे त्यानें तें थोडें किती निष्ठेनें जपावें, याचा धडा आपल्याच जिल्ह्यांतील या तेल्यांनीं घालून दिला आहे.

पुढें इतर देशांच्या यहूद्यांशीं त्यांचा संबंध आला. १७९६ सालीं सामाजी हसाजी दिवेकर यांनीं मुंबईंत या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें. १८२९ सालीं मुंबईस आलेले स्कॉटिश मिशनरी डॉक्टर जॉन विल्सन यांनीं इब्री भाषेचें व्याकरण मराठींत रचून १८३२ सालीं छापिलें, आणि अमेरिकन व स्कॉटिश मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुलें मोठ्या संख्येनें शिकलीं. त्यांतून ख्रिस्ती झाले ते फार थोडे. परंतु मराठी शास्त्र व इब्री व्याकरण हातीं आल्यानें तो समाज आपल्या पूर्वजांच्या धर्मांत अधिक जाणता व अधिक दृढ झाला. कोणी म्हणतील, मिशनचे श्रम फुकट गेले. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या घरून आपण शास्त्र उसनें आणिलें त्या घरच्या मुलांस तें त्यांच्याच मातृभाषेंत परत वाचावयास मिळालें, तर ऋणको माणसानें त्याबद्दल दुःख कां मानावें?

त्यांची उपासना पाहिली तर तींत इब्री प्रार्थना आहेत, आणि मराठी कीर्तनेंहि आहेत. नवस फेडतांना पोहे, नारळ व साखर यांचा मलिदा करून ते एलीया संदेष्ट्याचें स्मरण करितात, आणि त्याच्या रथाची खूण अलिबागेजवळ खंडाळें येथें खडकावर दाखवितात. बगदादचा यहूदी हें पाहून आश्चर्य करील, युरोपांतला यहूदीहि करील. म्हणजे यहूदीपण एक असून त्याचीं रूपें अनेक आहेत. ही गोष्ट मनांत धरून आतां यरुशलेमेस जाऊं. म्हणजे तेथील माडीवर जमलेली मंडळी आपणांस खरीखुरी दिसेल.

त्या माडीवर सुमारें १२० मंडळी होती. त्यांत गालीलाचे कोळी होते, ज्यांच्या बोलीवरून राजधानीचे लोक त्यांस तेव्हांच ओळखीत, जसें आपल्या घाटाखालच्या माणसास शहरांत ओळखितात. त्यांत जकात घेणारा मत्तय होता, आणि ज्यास जिलोत म्हणत तो शिमोनहि होता. आणि त्या नांवाचे लोक पुढें रोमी सत्तेविरुद्ध शस्त्र घेऊन उठले. सरकारचा कारकून आणि राष्ट्रासाठीं ज्वलंत आवेश धरणारा हे दोघे एकाच घोळक्यांत! पेंटेकॉस्टच्या दिवशीं जे जमले ते पार्थी, मेदी, एलामी, मेसोपोतेम्या व कप्पदुकिया येथील रहिवासी, मिसरी, लुबिया प्रांताचे, रोमाहून आलेले, क्रेतीय आणि अरब असे होते. त्यांची भाषा निराळी, पेहराव निराळा, परंतु ते सर्व यहूदी, अथवा यहूदी धर्मांत आलेले असे होते. विश्वास ठेवणाऱ्यांत पुढें याजक आले, परूशी आले, आणि नियमशास्त्राविषयीं आवेश बाळगणारे हजारों लोक आले. एकसारखेपणा त्या मंडळींत पहिल्या दिवसापासून नव्हता.

आणि म्हणूनच पहिला तंटाहि लौकर झाला. यरुशलेमेंत इब्री बोलीचे यहूदी होते, आणि बाहेर देशीं वाढलेले हेल्लेणी भाषेचे यहूदीहि होते. दोघेहि विश्वासी. परंतु रोजच्या वांटपांत हेल्लेणी विधवांची उपेक्षा होऊं लागली. कोणी ठराव करून त्यांस वगळलें असें लिहिलेलें नाहीं. गांवांत असें ठराव करून होतच नसतें. वाढणारा ज्यांस ओळखतो त्यांच्या पानावर प्रथम वाढतो. जिची बोली अडखळते ती मागें बसते. आणि पातेलें तिच्यापर्यंत येतां येतां रिकामें होतें. प्रेषितांनीं काय केलें? त्यांनीं विधवांस धीर धरा असें सांगितलें नाहीं, अथवा हेल्लेणी लोकांनीं आपली चूल वेगळी मांडावी असेंहि सुचविलें नाहीं. सात माणसें निवडविलीं आणि वांटप त्यांच्या हातीं दिलें. त्या सातांचीं नांवें वाचून पाहा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव, सर्व हेल्लेणी नांवें, आणि शेवटचा तर जन्मानें यहूदी देखील नव्हे. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हातीं पळी दिली. न्याय करण्याची याहून सोपी रीत आम्हांस ठाऊक नाहीं.

यानंतर मोठा प्रश्न आला. यापो येथें पेत्र शिमोन नांवाच्या मनुष्याच्या घरीं उतरला होता. हा शिमोन कातडें कमावणारा. आपल्या मराठी शास्त्रांत त्यास चांभार म्हटलें आहे. मेलेल्या जनावरांच्या कातड्याचा तो धंदा यहूद्यांत हलका समजत. म्हणजे परराष्ट्रीयांच्या उंबऱ्यावर पाय ठेवण्यापूर्वींच देवानें पेत्रास स्वतःच्या लोकांतील एका तुच्छ मानिलेल्या ओटीवर बसविलें होतें. तेथेंच त्यास दर्शन झालें, आणि तेथून तो कर्नेल्य नांवाच्या रोमी शताधिपतीच्या घरीं गेला व त्याच्यासह जेवला. पुढें अंत्युखियांत परराष्ट्रीय लोक पुष्कळ येऊं लागले, तेव्हां यहूदीयाहून आलेले कांहीं विश्वासी म्हणूं लागले कीं, यांनीं सुंता करून घेतल्यावांचून यांचें तारण होणार नाहीं.

वाचकहो, असें म्हणणाऱ्यांस आपण एकदम हट्टी म्हणूं नये. त्यांचेंहि एक दुःख होतें. ख्रिस्तापूर्वीं १६७ च्या सुमारास अंतियोख राजानें सुंतेची बंदी केली, आणि ज्या आयांनीं तरीहि आपल्या बाळांची सुंता केली त्यांस बाळांसह ठार मारविलें. ज्या खुणेसाठीं आयांनीं प्राण दिले ती खूण आज नको म्हणा, हें ऐकणें त्यांस किती जड गेलें असेल! जुन्या माणसांच्या चालींमागें कधीं कधीं रक्त सांडलेलें असतें. तें न जाणतां त्या चालींस हंसणें हा अधर्म आहे.

इसवी सन ४९ च्या सुमारास यरुशलेमेंत सभा भरली. पेत्र बोलला, पौल व बर्णबा यांनीं सांगितलें, आणि शेवटीं प्रभूचा भाऊ याकोब यानें निवाडा दिला. परराष्ट्रीयांवर सुंतेचें ओझें घालूं नये. मात्र त्यांनीं मूर्तींस अर्पिलेलें, गळा दाबून मारिलेलें, रक्त व जारकर्म हीं वर्ज्य करावीं. या निवाड्यांत सौदा नाहीं, प्रेमाचा हिशेब आहे. यहूदी विश्वासी आपला आग्रह मागें घेतो, आणि परराष्ट्रीय विश्वासी आपल्या ताटांतून असा जिन्नस काढतो कीं ज्यामुळें शेजारी बसलेल्या यहूदी भावाचा घांस अडेल. आम्ही आमचें सर्व राखूं आणि तुम्ही तुमचें सर्व सोडा, असें कोणीहि म्हटलें नाहीं. यहूद्यास यहूदी राहण्याची मोकळीक राहिली, हेल्लेण्यास हेल्लेणी राहण्याची मोकळीक मिळाली, आणि दोघांस एकत्र जेवण्याची वाट उघडी राहिली.

एवढें ठरलेलें असतांना अंत्युखियांत ती गोष्ट घडली जिच्यावरून आम्ही या उपदेशास नांव दिलें आहे. पेत्र तेथें आला असतां परराष्ट्रीय भावांबरोबर जेवत असे. मग याकोबाकडून कांहीं लोक आले. त्यांस भिऊन पेत्र हळूहळू मागें सरला व वेगळा राहूं लागला. त्याचें पाहून इतर यहूदी विश्वासी सरले. बर्णबासारखा प्रेमळ मनुष्यहि त्यांच्याबरोबर वाहवत गेला. पेत्रानें कांहीं खोटें शिकविलें होतें काय? नाहीं. त्यानें कोणास शिवी दिली काय? नाहीं. त्याचें मत बदललें होतें काय? तेंहि नाहीं, आंतून तो परराष्ट्रीयांस भाऊच मानीत होता. तो केवळ पंगतींतून उठला. पण पौलानें त्याच्या तोंडावर, सर्वांदेखत, त्यास दोष दिला. आणि हें वागणें शुभवर्तमानाच्या सत्याला धरून नाहीं असा ठपका ठेविला. पौलाच्या दृष्टीनें धर्ममत पुस्तकांत जितकें असतें तितकेंच तें पानावर असतें. कोण कोणाजवळ बसतो यावरून आपण ख्रिस्ताविषयीं काय मानितों हें गांवास कळतें.

येथें एक बारीक गोष्ट नीट पाहावी. याच पौलानें तीमथ्याची सुंता करविली, कारण त्याची आई यहूदी होती, आणि ज्या यहूद्यांमध्यें त्यास काम करावयाचें होतें त्यांस अडथळा नको होता. परंतु तीत हेल्लेणी होता. त्याची सुंता व्हावी म्हणून लोकांनीं जोर केला तेव्हां पौलानें ती होऊं दिली नाहीं. हा विसंवाद नव्हे. चाल ही प्रेमानें पाळिली तर तिला हरकत नाहीं. तीच चाल दुसऱ्याच्या दारास कुलूप म्हणून लाविली तर ती सहन करूं नये. पौल स्वतः शेवटपर्यंत आपणांस यहूदी म्हणवीत राहिला आणि मंदिरांत जाऊन व्रतशुद्धीहि करून आला.

पुढें काळ उलटला. इसवी सन ७० मध्यें रोमी सैन्यानें मंदिर जाळिलें. परराष्ट्रीय विश्वासी संख्येनें वाढले, यहूदी विश्वासी थोडे राहिले. आणि ज्यांस दार उघडण्यासाठीं पौल झगडला त्यांच्याच नातवंडांनीं यहूद्यांवर दार लाविलें. ३२५ सालीं निकैया येथील धर्मपरिषदेनंतर पुनरुत्थानाचा सण यहूद्यांच्या गणनेवर अवलंबून ठेवूं नये असें ठरलें. तेवढ्यावर थांबतें तर वेगळें. १४९२ सालीं स्पेनच्या राजाराणीनें यहूद्यांस देशाबाहेर घालविलें. आपल्याच किनाऱ्यावर, गोव्यांत, १५६० सालीं धर्मन्यायासन बसलें, आणि ज्यांचे पूर्वज यहूदी होते अशा ख्रिस्ती लोकांस, ते घरांत गुप्तपणें शब्बाथ पाळितात काय म्हणून, धरून चौकशी होऊं लागली. हिंदुस्थानांतील औषधींवर ग्रंथ लिहिणारे प्रख्यात वैद्य गार्सिया द ओर्ता गोव्यास १५६८ सालीं वारले. दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या बहिणीस जिवंत जाळिलें, आणि १५८० सालीं त्यांचीं स्वतःचीं हाडें थडग्यांतून काढून जाळिलीं. शेवटीं विसाव्या शतकांत, पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती म्हणविणाऱ्या युरोपांत, जर्मनीच्या नाझी राज्यानें सुमारें ६० लाख यहूद्यांचा संहार केला. त्यांत मारणारे पुष्कळजण लहानपणीं बाप्तिस्मा पावलेले होते. याच शतकांमध्यें आपल्या कोंकणांत मात्र शनिवार तेल्याच्या घाण्यावर कोणी दगड मारिला नाहीं. त्यांस आसरा देणारे शेजारी कुणबी, आगरी, कोळी, मुसलमान होते. ही गोष्ट ख्रिस्ती माणसानें मान खालीं घालून ऐकावी अशी आहे.

तथापि भिंत बांधण्याचा रोग एकाच लोकांचा आहे असें कोणी समजूं नये. खुद्द बेने इस्राएलांत गोरे व काळे असे भेद पडले होते, आणि पूर्वीं त्यांच्यांत रोटीबेटीव्यवहार होत नसे. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक घरें इस्राएल देशीं गेलीं. तर तेथील कांहीं धर्मगुरूंनीं त्यांच्या लग्नाच्या वेळीं त्यांचें यहूदीपणच तपासण्याचा हुकूम काढिला. ज्यांनीं पुस्तकावांचून शब्बाथ राखिला त्यांस पुस्तकवाल्यांनीं विचारावें, तुम्ही खरे कोण? त्या लोकांनीं न्यायासाठीं चळवळ केली, आणि १९६४ सालीं इस्राएलच्या लोकसभेनें ते सर्व बाबतींत पूर्ण यहूदी आहेत असें जाहीर केलें.

आणि आपल्या तालुक्याचें ठिकाण जें महाड, तेथील चवदार तळें कोणास ठाऊक नाहीं? सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावे असा ठराव मुंबई कायदेमंडळांत १९२३ सालीं झाला. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं तळें खुलें केल्याचें ठरविलें. परंतु कागदावर खुलें झालेलें पाणी ओंजळींत येईना. २० मार्च १९२७ या दिवशीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारों माणसांसह त्या तळ्यावर गेले व त्यांनीं तें पाणी प्राशन केलें. त्या दिवशीं परतणाऱ्यांस मारहाण झाली, आणि मागाहून गोमूत्र, शेण वगैरे तळ्यांत ओतून तें शुद्ध केल्याचें मानण्यांत आलें. हायकोर्टाचा अनुकूल निकाल लागावयास १९३७ साल उजाडलें. यरुशलेमेचा ठराव आणि अंत्युखियाची पंगत यांत जें अंतर होतें, तेंच नगरपालिकेचा ठराव आणि तळ्याचा कांठ यांत होतें. ठराव सभा करिते. ओंजळ व पंगत ज्याची त्यानेंच करावी लागते.

या वाडीच्या नांवाची कथा सर्वांस तोंडपाठ आहे. दूध विकावयास गडावर गेलेली हिरकणी, सांजेस दरवाजे बंद झाले, घरीं तान्हें मूल; म्हणून ती रात्रीं कडा उतरून गेली. महाराजांनीं तिचा सन्मान केला, आणि जेथून ती उतरली तेथें बुरूज बांधविला. गडाच्या रक्षणासाठीं तें योग्यच झालें. जेथून आई उतरते तेथून शत्रूहि चढेल. परंतु मंडळी म्हणजे गड नव्हे. मंडळींतहि आपण असेंच करितों काय, याचा विचार करावा. ज्यानें भिंत ओलांडिली त्याचे गुण गावे, आणि त्याच्याच नांवानें तेथें अधिक उंच भिंत घालावी! पौलाचे नांवानें किती मंदिरें आहेत; पण त्यांतील पंगती पौलाच्या आहेत काय?

आतां हें आपल्या घरापर्यंत आणूं. आपल्या मंडळ्यांत निरनिराळ्या जातींतून आलेलीं कुटुंबें आहेत. कोणी दोन पिढ्यांपूर्वीं आलें, कोणी काल. कोणी मुंबईस राहून परत आलेलें, कोणी वाडी कधीं न सोडलेलें. यांचीं आडनांवें, गाणीं, भाकरी थापण्याची तऱ्हा, लग्नांतील साडी, मेलेल्यासाठीं रडण्याची रीत हीं वेगळीं राहिलीं तर राहूं द्यावीं. आमच्यासारखे व्हा मग आमचे व्हाल, असें म्हणण्याचा अधिकार यरुशलेमेच्या सभेनें आपणांपासून काढून घेतला आहे. नारायण वामन टिळक १८९५ सालीं बाप्तिस्मा घेऊनहि मराठीच राहिले, आणि अभंग व कीर्तन यांनीं त्यांनीं प्रभूची सेवा केली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं बराच काळ आपला स्वयंपाक व पाणी वेगळें ठेविलें होतें. पुढें स्वतःच्याच विचारानें त्यांनीं तो भेद टाकिला, आणि १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. कोणाच्या मनाची कडी बाहेरून तोडावी लागत नाहीं. तिला आंतून निघण्यास वेळ द्यावा.

परंतु जें राहूं देऊं नये तेंहि स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. नव्यानें आलेली एखादी बाई उपासनेस दाराजवळ बसते. सणाच्या जेवणांत तिचें पान शेवटीं मांडिलें जातें. तिचा पेला निराळा विसळून निराळा ठेविला जातो. विचारलें तर उत्तर मिळतें, तिलाच तसें बरें वाटतें. असें उत्तर देणाऱ्यानें एकदां तिच्या शेजारीं जाऊन बसावें, आणि मग तिला काय बरें वाटतें तें पाहावें. मंडळींतील मुलींचीं लग्नें ठरवितांना शास्त्र बाजूस ठेवून जुनी जात विचारिली जाते. वडीलमंडळांत एकाच वस्तीचीं माणसें वर्षानुवर्षें असतात. पाहुणे यावयाचे असले म्हणजे कालपर्यंत ज्याच्याबरोबर जेवलों त्यास आपण आज ओटीवरूनच निरोप देतों. हें शेवटचें तर अगदीं पेत्रानें केलें तसेंच आहे. आणि पेत्र प्रेषित होता म्हणून पौलानें तें झांकिलें नाहीं.

म्हणून आमची विनंती अशी आहे. येत्या प्रभुभोजनाच्या रविवारीं, भाकर मोडण्यापूर्वीं, प्रत्येक मंडळीनें आपला पाण्याचा रांजण, आपली पंगत आणि आपलें वांटप हीं तीन पाहावीं. ज्या घरांची तक्रार असेल त्यांच्याच हातीं पुढच्या जेवणाचें वाढप द्यावें. शब्बाथशाळेंत मुलांस शिकवावें कीं येशू यहूदी होता, मरीया यहूदी होती, आणि आपल्या जिल्ह्यांतहि त्याच्या लोकांचीं घरें आहेत. अलिबागेस अथवा पेणेस गेलों असतां बेने इस्राएलांचें प्रार्थनामंदिर दिसलें, तर त्यापुढून वडील भावाच्या घरापुढून जावें तसें जावें : आदरानें, आणि वादाची तयारी न करितां. त्यांतील दिवा आपल्या दिव्याहून जुना आहे.

अब्राहामाचा, मरीयेचा आणि कर्नेल्याचा देव आपणांस असें हृदय देवो कीं, कोणी पाहत असो वा नसो, आपण बसल्या पंगतींतून उठूं नये. आणि ज्याचें पान अजून मांडिलें नाहीं त्याच्यासाठीं थोडें सरकून जागा करावी. आमेन.